भाड्याचे घर आणि घरातील उपद्रवी जीव

दिल्लीहून उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गाने सुमारे ९० किलोमीटर गेले की पानिपत लागते. मराठी वाचकास हे नाव १७६१ च्या संग्रामामुळे परिचित असले, तरी आज या शहराची ओळख आहे ती विणकामाची. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे हातमागाचा धंदा वाढविला. पुढे यंत्रमाग आले. गालिचे, पडदे, चादरी आणि ब्लँकेटे यांचे कारखाने उभे राहिले. परदेशात टाकून दिलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी आणावयाचे, ते फाडून पिंजावयाचे आणि त्यांचे पुन्हा सूत काढावयाचे, या उद्योगाचेही ते एक मोठे केंद्र बनले. या सर्व कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल येथून कामगार येतात आणि भाड्याच्या खोल्यांतून राहतात.

या खोल्यांचा नमुना बहुधा ठरलेला असतो. मध्ये अरुंद अंगण, दोन्ही बाजूंस खोल्यांची ओळ, एका टोकास नळ व मोरी, दुसऱ्या टोकास संडास. दोन खोल्यांमधील भिंत कित्येकदा एका विटेच्या जाडीची असते आणि तिचा गिलावा तुळईशी किंवा चौकटीशी नीट मिळालेला नसतो. विजेच्या तारांसाठी पाडलेली भोके बुजविण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. माणसांच्या दृष्टीने या आठ किंवा दहा खोल्या म्हणजे आठ-दहा निरनिराळी बिऱ्हाडे होत. ढेकूण, झुरळ आणि उंदीर यांच्या दृष्टीने मात्र ते एकच घर असते. भाड्याच्या घरातील कीटकांचा प्रश्न स्वतःच्या घरातील प्रश्नाहून वेगळा होतो, तो या एका गोष्टीमुळे.

घरमालक म्हणतो की ढेकूण भाडेकरूने आणले. भाडेकरू म्हणतो की ते येथे होतेच. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे थोडेथोडे खरे असते. भिंतीची भेग मालकाची असते आणि खाट भाडेकरूची. भेग बुजविण्यावर भाडेकरू खर्च करीत नाही, कारण आणखी सहा महिन्यांनी तो येथे असेलच असे नाही. मालकही करीत नाही, कारण त्या भिंतीला टेकून त्याला झोपावयाचे नसते. मग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय हाती घेतला जातो. बाजारातून औषधाची बाटली आणली जाते आणि एका खोलीत फवारली जाते.

ढेकणाच्या बाबतीत या उपायाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. ढेकूण दिवसा बिछान्यात क्वचितच राहतो. त्याचे वास्तव्य खाटेच्या सांध्यात, नवारीच्या घडीत, पेटीच्या कडीमागे, टांगलेल्या तसबिरीखाली आणि गिलाव्याच्या भेगेत असते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ होईपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी त्यास रक्ताची एक मेजवानी लागते. ती न मिळाल्यास तो कित्येक आठवडे, आणि थंडीच्या दिवसांत कित्येक महिनेही उपाशी राहू शकतो. म्हणून खोली महिनाभर बंद ठेवली तर ढेकूण मरतील ही समजूत निराधार आहे. मादी आपली मिलिमीटरभर लांबीची अंडी खडबडीत जागी चिकटवून ठेवते. त्यांवर फवाऱ्याचा परिणाम फारसा होत नाही. आठ-दहा दिवसांनी नवी पिले बाहेर येतात, आणि आधीच्या फवारणीने हुसकावलेले प्रौढ ढेकूण एव्हाना शेजारच्या खोलीत स्थिरावलेले असतात. पुढील महिन्यात शेजारी फवारतो, तेव्हा ते परत येतात.

विषावरील भरवसा किती काळ टिकतो, याचा एक मोठा धडा भारताने पूर्वीच घेतला आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात येऊ लागले. फवारणी डासांसाठी होती; पण आरंभी ढेकूणही मरत, त्यामुळे लोक फवारणी पथकांचे स्वागत करीत. काही वर्षांतच ढेकणांत डीडीटीला दाद न देणाऱ्या जाती निपजल्या. हवाई बेटांवर असे ढेकूण १९४७ मध्येच आढळले होते. आता तेच औषध ढेकणांस न मारता केवळ चिडवू लागले आणि ते भेगांतून बाहेर पडून दिवसाही फिरू लागले. लोकांनी साहजिकच निष्कर्ष काढला की सरकारी औषधाने ढेकूण वाढतात, आणि अनेक ठिकाणी पथकांस दार उघडण्याचे नाकारले. ढेकणाने अशा रीतीने हिवतापाच्या डासास मदत केली. डीडीटीनंतर आलेल्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचीही पुष्कळ ठिकाणी हीच गत झाली आहे.

उष्णतेशी जुळवून घेणे मात्र ढेकणास अद्याप साधलेले नाही. पन्नास अंश सेल्सियस तपमानात प्रौढ, पिले आणि अंडी ही तिन्ही लवकरच मरतात. पानिपतचा मे-जूनचा उन्हाळा सावलीतही चाळीस अंशांच्या वर जातो. उन्हात पडलेल्या लोखंडी पेटीचे किंवा काळ्या प्लास्टिकचे तपमान त्याहून बरेच अधिक असते. खाट उन्हात उभी करण्याची घरोघरची रीत यामुळेच चांगली आहे. तथापि, नुसती उभी केलेली खाट एका बाजूने सावलीत राहते आणि ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे, अंथरुण-पांघरुण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिवसभर उन्हात ठेवणे आणि मधून मधून उलटविणे, हे अधिक खात्रीचे. पंधरा दिवसांनी हाच क्रम पुन्हा केला पाहिजे, कारण तोपर्यंत राहिलेली अंडी फुटलेली असतात. आणि हे अंगणातील सर्व बिऱ्हाडांनी एकाच दिवशी केले पाहिजे. सर्वांत अवघड भाग हाच आहे. कारखान्यातील पाळ्या वेगवेगळ्या असतात. एकाची सुट्टी ती दुसऱ्याची नसते.

झुरळाचे तसे नाही. ढेकणास माणूस हवा असतो, झुरळास माणसाचे उष्टे आणि पाणी पुरते. घरात मुख्यतः दोन प्रकारची झुरळे दिसतात. मोठे, तांबूस, गटारातून येणारे अमेरिकन झुरळ आणि लहान, फिकट, पाठीवर दोन काळसर पट्टे असलेले जर्मन झुरळ. ही नावे अनुक्रमे अमेरिका आणि जर्मनी यांच्यावर अन्याय करणारी आहेत. लिनियसने १७६७ मध्ये लहान झुरळास जर्मन हे विशेषण दिले खरे. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून त्याचा उगम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बंगालच्या उपसागराच्या काठी, भारत किंवा म्यानमार येथे झाला असावा असे दिसते. म्हणजे ते जर्मनीस येथून गेले.

या दोहोंतील फरक भाडेकरूस उपयोगाचा आहे. मोठे झुरळ दिसले तर दोष बहुधा मोरीच्या जाळीचा किंवा उघड्या गटाराचा असतो, म्हणजे तो इमारतीचा. लहान झुरळ मात्र खोलीतच, चुलीच्या ओट्यामागे, मिक्सरच्या बुडाशी, खोक्याच्या पुठ्ठ्यात वाढते. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी अंडी फुटण्याच्या वेळेपर्यंत शरीराच्या टोकास धरून हिंडते. फवाऱ्यापेक्षा आमिषाचा लेप झुरळावर अधिक चालतो, कारण ते खाऊन मेलेल्याची विष्ठा व शव इतर झुरळे खातात आणि विष पुढे जाते. बोरिक भुकटीही उपयोगी पडते. मात्र ती फटीत अगदी पातळ टाकावी लागते, ढीग टाकल्यास झुरळ वळसा घालून जाते. आमिषालाही ते कायमचे भुलत नाही. आमिषातील ग्लुकोजची गोडी ज्यांना कडू लागते, अशी जर्मन झुरळे १९९० नंतरच्या दशकात आढळून आली.

पानिपतच्या घरांत आणखी एक कीटक विशेष जिव्हाळ्याचा आहे, तो म्हणजे कसर. कसरीचे फिकट सोनेरी पतंग काहीच खात नाहीत. खातात त्या त्यांच्या अळ्या, आणि त्यांचे अन्न म्हणजे लोकर, केस, पिसे, रेशीम. घडी घालून अंधारात ठेवलेली आणि महिनोन्महिने न हलविलेली लोकरी वस्तू त्यांस सर्वांत प्रिय. जुन्या लोकरीच्या सुतापासून विणलेली ब्लँकेटे आणि पेटीच्या तळाशी ठेवलेले जुने स्वेटर यांना कसर लागते. अलीकडे पानिपतचे कारखाने ज्यांचे ढीग बाहेर पाठवितात, त्या चकचकीत पॉलिएस्टर ब्लँकेटांस ती लागत नाही. त्यांत कसरीस खाण्यासारखे काही नसतेच. ऊन, झटकणे आणि स्वच्छ धुऊन बंद पिशवीत ठेवणे एवढे उपाय पुरेसे असतात. डांबराच्या गोळ्या टाकण्याची चाल मात्र सावधपणे पाळावी. त्यांतील नॅप्थलीनची वाफ शोषलेले कपडे न धुता तान्ह्या मुलास गुंडाळले, आणि त्या मुलाच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असली, तर त्याच्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे आणि डांबराच्या गोळ्या एका पेटीत कधीही ठेवू नयेत.

वाळवीचा प्रश्न तळमजल्याचा आणि निखालस मालकाचा. ती जमिनीतून मातीच्या नळ्या बांधीत वर चढते. नळी मोडली तरी वारूळ जमिनीतच राहते. उभ्या इमारतीतील उपचारासाठी भारतीय मानकाने भिंत व फरशी यांच्या सांध्यात ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांत औषध सोडण्याची पद्धत सांगितली आहे. कोणी भाडेकरू आपल्या खर्चाने फरशीस छिद्रे पाडील, अशी अपेक्षा करता येत नाही. डासांच्या बाबतीत उलट आहे. उन्हाळ्यात दारोदार बसविलेले कूलर भाडेकरूंचे असतात आणि डेंग्यूचा डास त्यांतील स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. हिवाळ्यात कूलर माळ्यावर टाकण्यापूर्वी टाकीच्या कडा घासून काढणेही आवश्यक असते, कारण कडेस चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. छतावरील सामाईक टाकीचे झाकण मात्र पुन्हा मालकाकडे येते.

या वाटणीबद्दल कायदा काय म्हणतो? हरियाणाचा नागरी भाडे नियंत्रण व निष्कासन अधिनियम १९७३ चा आहे. आवश्यक दुरुस्ती करण्यास मालकाने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने नियंत्रकाकडे अर्ज करावा आणि अनुमती मिळाल्यावर दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद त्यात करण्यात आली. तथापि, नव्या इमारतीस पहिली दहा वर्षे हा अधिनियम लागू होत नाही, आणि महिन्याच्या तोंडी करारावर राहणारा कामगार ढेकणांसाठी नियंत्रकाच्या दारी जाईल असे मानणे कठीण आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमात हीच गोष्ट थोडी सोपी आहे. मालकास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करता येते; मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये संमत करून राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात तर दोघांच्या कामांची यादीच दिली आहे. भिंतींची सफेदी, नळांची व वीजतारांची दुरुस्ती मालकाकडे. नाल्यांची सफाई आणि माश्यांच्या जाळ्या बदलणे भाडेकरूकडे. ढेकूण, झुरळ, वाळवी यांचा नामोल्लेख त्या यादीत नाही. तेव्हा भाडे ठरवितानाच दोन ओळी लिहून घेणे श्रेयस्कर. भेगा व जाळ्या मालकाने कराव्या, औषधाचा खर्च निम्मा वाटून घ्यावा, एवढ्या दोन ओळी पुरतात.

घराची भेग ही कोणाची, हा प्रश्न एकेकाळी मुंबईत जीवनमरणाचा झाला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. वखारींवर आणि आसपास भाड्याच्या खोल्या दाटलेल्या. अधिकाऱ्यांनी खोल्या कार्बोलिकने धुतल्या, चुना फासला, उजेड आत यावा म्हणून छपरे उघडली आणि मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर अक्षरे रंगविली. भाडेकरू बाहेर पडले, उंदीर राहिले. उंदरावरील पिसू हा रोगाचा वाहक असल्याचे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. त्याच १८९८ साली मुंबईत नगर सुधार विश्वस्त मंडळाची स्थापना झाली आणि जुन्या चाळी पाडून हवेशीर वस्ती करण्याचे काम सुरू झाले. उंदीर तेव्हाही आणि आजही भोकातून येतो. पिलू उंदरास पेन्सिलीच्या जाडीची फट पुरते. तारेचा चोथा आणि सिमेंट यांनी ती बुजविणे हे कोणत्याही गोळीपेक्षा टिकाऊ काम आहे.

गोळीचा विषय निघाला म्हणजे हरियाणातील घरांत एका वस्तूबद्दल स्पष्ट बोलावेच लागते. हा गव्हाचा मुलूख. वैशाखात गहू निघतो आणि ज्यास शक्य आहे तो वर्षाचा गहू पत्र्याच्या कोठीत भरून ठेवतो. त्यात सोंडे व पोरकिडे होऊ नयेत म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. लोक त्यांस सल्फास म्हणतात. हवेतील ओलावा लागताच तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. गोदामात एक टन धान्यास अशा दोन-तीन गोळ्या पुरतात. घरातील कोठीत मणभर गव्हासाठी तितक्याच टाकल्या जातात. ज्या खोलीत कोठी, त्याच खोलीत कुटुंब झोपते. कधी हीच गोळी उंदराच्या बिळात टाकली जाते, तर कधी ढेकणांचा नायनाट करण्यासाठी खोली बंद करून तिच्यात ठेवली जाते, आणि कुटुंब नातलगांकडे जाते. शेजारचे कुटुंब मात्र घरीच असते. फॉस्फीन एका विटेच्या भिंतीच्या भेगांतून, तारांच्या भोकांतून सहज पलीकडे जातो. त्यास लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो खरा; पण झोपलेल्या माणसास तो जाणवेलच असे नाही. डोकेदुखी, उलट्या, छातीत घुसमट, आणि पुढे हृदयाची क्रिया मंदावणे असा क्रम असतो. कित्येकदा हे सारे विषारी अन्नाचा परिणाम समजण्यात येते आणि मोलाचा वेळ जातो. या विषावर उतारा नाही. अशा रीतीने शेजारची मुले दगावल्याच्या घटना भारतातील अनेक शहरांत घडल्या आहेत.

शासनाने या गोळीची विक्री निर्बंधित केली आहे. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच ती वापरावयाची आहे, आणि राहत्या घरात तर नाहीच. तरीही ती मिळते. एका बिऱ्हाडास रात्री अचानक, कारणावाचून मळमळ व डोकेदुखी सुरू झाली, तर सर्वांनी प्रथम मोकळ्या हवेत यावे, मग शेजारी काय ठेवले आहे ते विचारावे, आणि डॉक्टरांस गोळीचे नाव सांगावे. गव्हासाठी सुरक्षित उपाय जुनेच आहेत. धान्य कडक उन्हात वाळवून, थंड करून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. महाराष्ट्रात गव्हास एरंडेल चोळण्याची रीत आहे, तीही चांगली. आणि जे कुटुंब दर सहा महिन्यांनी खोली बदलते, त्याने वर्षाचा गहू भरावाच कशाला? महिन्याचे धान्य आणल्यास सोंड्यांना वाढण्यास अवधीच मिळत नाही.

बाजारातील इतर औषधांच्या डब्यांवर चौकोनात रंगीत त्रिकोण छापलेला असतो. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील नियमांनी तो सक्तीचा केला. लाल म्हणजे अत्यंत विषारी; पिवळा, निळा आणि हिरवा हे क्रमाने कमी विषारी. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाची वस्तू झोपण्याच्या खोलीत आणू नये. चिन्ह नसलेली, सुटी, पाण्याच्या बाटलीत भरून दिलेली वस्तू तर कोणत्याही भावाने घेऊ नये. पूर्वी घरोघर वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात बंद करण्यात आले. जुन्या बाटल्या आढळल्यास त्या वापरून संपविण्याचा मोह टाळावा. झुरळांसाठी रेघा ओढण्याचा खडू मुलांस पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

या सर्व कामास सर्वांत योग्य वेळ कोणती, असे विचारल्यास उत्तर एकच येते. एक बिऱ्हाड निघाल्यावर आणि दुसरे येण्यापूर्वी खोली रिकामी असते ते दोन दिवस. त्या वेळी भेगा सिमेंटने भरता येतात, तारांची भोके बुजविता येतात, मोरीस जाळी बसविता येते आणि भिंतीस चुना देता येतो. सामान हलविण्याची अडचण नसते. नव्या भाडेकरूनेही आपली खाट आणि पेटी आत नेण्यापूर्वी अंगणात उन्हात ठेवून सांधे पाहून घ्यावेत, आणि खोलीत दिवा लावण्यापूर्वी विजेरीने चौकटीच्या फटी तपासाव्यात. काळपट ठिपक्यांची रांग दिसली तर तेथे ढेकूण राहून गेले आहेत, किंवा अजून आहेत, असे समजावे. पानिपतमध्ये कामाचा हंगाम जोरात असतो तेव्हा खोली सकाळी रिकामी होते आणि संध्याकाळी भरते. अशा वेळी ते दोन दिवस मिळवावयाचे, तर मालकाने दोन दिवसांचे भाडे सोडावे लागते, किंवा भाडेकरूने ते मालकास द्यावे लागते. औषधाच्या चार बाटल्यांची किंमत याहून कमी नसते.